जिल्ह्याची नोंद कोणी लिहायची?

जानेवारी २०२० मध्ये शिर्डी गाव एका शब्दासाठी बंद राहिले. तो शब्द म्हणजे ‘जन्मस्थान’. परभणी जिल्ह्यातील पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपयांची घोषणा करताना तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्या गावाचा उल्लेख साईबाबांचे जन्मस्थान म्हणून केला. शिर्डीकरांना तो मानवला नाही. १९ जानेवारीला मंदिर उघडे, पण बाजारपेठ बंद असे दृश्य तेथे दिसले. पुढे बंद मागे घेण्यात आला, मुंबईत चर्चा झाली आणि वृत्तपत्रांच्या दृष्टीने विषय संपला. पाथरीकरांनी आपला दावा अर्थातच सोडला नाही.

वृत्तपत्रांचा विषय जेथे संपतो तेथे कोशकाराचा विषय सुरू होतो. साईबाबांवरील नोंदीत जन्मस्थानाच्या रकान्यात काय लिहावयाचे? पूर्वी या प्रश्नाचा निर्णय पुण्यात किंवा वाईला बसलेला एखादा विद्वान संपादक करी आणि तो निर्णय एकदा छापला गेला की पुढची पन्नास वर्षे टिके. आता तसे राहिलेले नाही. विकिपीडिया नावाचा जो मुक्त ज्ञानकोश २००१ पासून जगभर आणि १ मे २००३ पासून मराठीत चालू आहे, त्यात तो रकाना पाथरीचा शिक्षक भरू शकतो, शिर्डीचा दुकानदार भरू शकतो आणि दूरदेशी राहणारा एखादा भक्तही भरू शकतो. तिघांनाही त्याचे मानधन मिळत नाही, तिघांचीही पात्रता कोणी तपासत नाही. एकाने लिहिलेले दुसरा खोडतो आणि तिसरा पुन्हा लिहितो. अशा व्यवस्थेतून अनागोंदीखेरीज दुसरे काय निपजणार, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तसे फारसे घडत नाही. याचे कारण या स्वयंसेवकांनी स्वतःवर घालून घेतलेला एक नियम आहे. लिहिणारा कोण हे विचारायचे नाही. त्याने लिहिलेल्या वाक्याला आधार कोणता, एवढेच विचारायचे. आधार नसेल तर वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ असा शेरा पडतो आणि दीर्घकाळ कोणी संदर्भ दिला नाही तर ते वाक्य काढून टाकता येते.

हा नियम पाथरीला लावून पाहण्यासारखा आहे. गो. र. दाभोलकर ऊर्फ हेमाडपंत यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त बाबांचे जन्मस्थळ व आईबाप कोणासच ठाऊक नव्हते असे सांगितले आहे. आपण पाथरीचे, असे बाबांनी म्हाळसापतींना सांगितल्याची आठवण बी. व्ही. नरसिंहस्वामी यांनी नोंदविली. परंतु म्हाळसापती १९२२ मध्ये निवर्तले आणि नरसिंहस्वामींनी भक्तांच्या आठवणी टिपल्या त्या १९३० नंतरच्या दशकात. म्हणजे ही साक्ष प्रत्यक्ष ऐकणाऱ्याच्या तोंडची नव्हे, मध्ये आणखी कोणी तरी आहे. त्यानंतर १९७० च्या दशकात वि. बा. खेर यांनी पाथरीस जाऊन चौकशी केली आणि तेथील भुसारी घराण्यात बाबांचा जन्म झाला असावा, असे अनुमान काढले. मा. वि. कामथ यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी चरित्रात, १९९१ मध्ये, ते ग्रंथरूपाने आले. तेव्हा समकालीन चरित्राचे मौन, एक ऐकीव आठवण आणि अर्धशतकानंतरचे एक अनुमान एवढे साहित्य आपल्या हाती आहे. त्यावरून कोशात लिहिता येईल असे वाक्य एकच : जन्मस्थान निश्चित ज्ञात नाही, अमक्याच्या नोंदीप्रमाणे ते पाथरी असल्याचे बाबांनी सांगितले होते आणि तमक्याने अमुक साली तसे अनुमान काढले आहे. या वाक्याने पाथरीचे समाधान होणार नाही आणि शिर्डीचेही होणार नाही. तरीही कोशात शोभेल असे वाक्य तेच.

जिल्ह्याचा अभिमान आणि जिल्ह्याची नोंद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अभिमानाला निकाल हवा असतो. नोंदीला साक्षीदाराचे नाव, साल आणि त्याची विश्वासार्हता हवी असते. हा भेद ज्याला कळला तो स्वयंसेवक या कामास लायक. त्याच्यापाशी पदवी असो वा नसो.

गंमत अशी की, उगमाचा वाद पाथरीला नवा नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ याच गावात असल्याचे फिरिश्त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्या कथनाप्रमाणे या घराण्याचा पूर्वज पाथरीचा ब्राह्मण कुलकर्णी होता. त्या कुळातील तिमाभट नावाचा मुलगा विजयनगरच्या मुलखात बहमनी सैन्याच्या हाती लागला, मुसलमान झाला, मलिक हसन या नावाने वजीरपदापर्यंत चढला आणि त्याच्या मुलाने, मलिक अहमदने, १४९० मध्ये निजामशाही स्थापन केली. पुढे बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे, दुसऱ्या मुलखाच्या बदल्यात वडिलोपार्जित पाथरी मागितली. ती मिळेना म्हणून १५१८ च्या सुमारास लढाई करून घेतली. एक सुलतान आपल्या कुलकर्ण्याच्या गावासाठी शेजारी सुलतानाशी लढतो, हे चित्र आजच्या पाठ्यपुस्तकी कल्पनांत बसणे कठीण. मात्र येथेही कोशकाराने सावध असावे. फिरिश्ता निजामशाहीच्या आणि नंतर आदिलशाहीच्या आश्रयाला होता आणि तो लिहितो ते घटनेनंतर जवळजवळ शतकाने. ‘फिरिश्ता सांगतो’ हे दोन शब्द त्या वाक्यातून गाळता कामा नयेत.

ज्या काळात पाथरीसाठी तलवारी उपसल्या गेल्या त्याच काळात त्या गावात ग्रहगणित चालले होते. १५०३ च्या सुमारास ज्ञानराज या ज्योतिर्विदाने ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ रचला. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’नंतर साडेतीनशे वर्षांनी सिद्धान्त पद्धतीचा एवढा मोठा ग्रंथ झाला तो गोदाकाठच्या पार्थपुरात, आणि पार्थपूर म्हणजे पाथरी असे अभ्यासकांनी मानले आहे. ज्ञानराजाचा मुलगा सूर्य पंडित. त्याने भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर व ‘बीजगणिता’वर टीका लिहिल्या आणि सरळ वाचले तर रामकथा व उलट वाचले तर कृष्णकथा निघावी असे एक विलोमकाव्यही रचले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राच्या आपल्या मराठी इतिहासात, १८९६ मध्ये, या घराण्याची दखल घेतली. टोके नुडसेन या अभ्यासकाने केलेले ‘सिद्धान्तसुंदर’चे सटीप इंग्रजी भाषांतर २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. ज्ञानराजासाठी कोणत्याही गावाने अद्याप बंद पाळलेला नाही. पण छापील आधार, तोही मराठी आणि इंग्रजी असा दुहेरी, ज्याच्यामागे इतका भक्कम उभा आहे असा पाथरीचा दुसरा पुत्र शोधून सापडायचा नाही.

एका तालुक्याच्या गावात एवढे साहित्य असेल तर नऊ तालुक्यांत किती असेल? गंगाखेडला जनाबाईची परंपरा आहे, जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी आहेत, चारठाण्याला यादवकालीन देवळे आणि स्तंभ आहेत. येलदरीच्या जलाशयावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ ही भेंडी आणि ‘परभणी मोती’ ही रब्बी ज्वारी दिली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १८ लाख ३६ हजार. या साऱ्याची नोंद करावयाची तर ती मुंबई-पुण्याहून कोणी येऊन करणार नाही.

मराठीत कोशकार्याची परंपरा लहान नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी भांडवलासाठी मंडळी काढून, वर्गणीदार गोळा करीत, १९२० ते १९२९ या काळात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड पुरे केले. हैदराबादच्या १९३१ च्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. निजामी अमलाखालच्या मराठी माणसाने ज्ञानकोशकाराला तो मान दिला, ही गोष्ट मराठवाड्याने विसरू नये. महादेवशास्त्री जोशी यांनी ‘भारतीय संस्कृतिकोशा’चे दहा खंड १९६२ ते १९७९ या काळात काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या ‘मराठी विश्वकोशा’चा पहिला खंड १९७६ मध्ये आणि विसावा २०१५ मध्ये बाहेर आला. या थोर कामांपुढे स्वयंसेवकांचा कोश ठेवणे काहींना अप्रशस्त वाटते. तुलना विद्वत्तेची केली तर ते खरेही आहे. परंतु छापील कोशाची एक मर्यादा परभणी जिल्ह्याइतकी दुसऱ्या कोणी क्वचितच अनुभवली असेल. १९८१ मध्ये परतूर तालुका नव्या जालना जिल्ह्यात गेला. १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि औंढा नागनाथ व नामदेवांचे नर्सी ही दोन्ही स्थळे त्यात गेली. त्यापूर्वी छापलेल्या कोणत्याही कोशात औंढा नागनाथ परभणी जिल्ह्यातच असणार; कागदावरची शाई पुसता येत नाही. विकिपीडियात तेवढी दुरुस्ती एखादा जागरूक कारकून जेवणाच्या सुट्टीत करू शकतो. ती त्याने केली, केव्हा केली आणि आधी काय लिहिलेले होते, हे सारे त्या पानाच्या इतिहासात कायम राहते.

मराठी विकिपीडियाच्या संपादकांनी आपल्या घरातील परिभाषा मोठ्या रसिकतेने घडविली आहे. सर्वांनी मिळून चर्चा करण्याच्या जागेला ते ‘चावडी’ म्हणतात, नवख्याने हात बसविण्याच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात आणि ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या आज्ञावलीला ‘सांगकाम्या’. शासकीय परिभाषा समित्यांनी असे शब्द योजले असते तर किती बरे झाले असते! परंतु परिभाषा घरची असली तरी घर अजून बरेचसे रिकामे आहे. लेखांची संख्या लाखाच्या घरात गेलेली असली, तरी सव्वाआठ कोटींहून अधिक लोकांच्या या भाषेत नियमित लिहिणारे संपादक फार थोडे. खेड्यांवरच्या लेखांत ही उणीव उघडी पडते. त्यांतील अनेक लेख एका साच्यातून काढलेले : अमुक हे तमुक तालुक्यातील एक गाव आहे, एवढे एक वाक्य, खाली ‘लोकजीवन’, ‘प्रेक्षणीय स्थळे’, ‘नागरी सुविधा’ असे मथळे, आणि मथळ्यांखाली काही नाही. ज्याने हे साचे ओतले त्याचा हेतू वाईट नव्हता. कोणी गावकरी येईल आणि भरील, अशी त्याची अपेक्षा असावी. गावकरी आला नाही.

तो का आला नाही, याचे उत्तर केवळ आळसात शोधणे अन्यायाचे होईल. समजा, एखादा शिक्षक उत्साहाने आला आणि त्याने आपल्या गावातील बारवेबद्दल चार ओळी लिहिल्या, तर त्याच्यापुढे तोच शेरा येतो : ‘संदर्भ हवा’. संदर्भ कोठून आणणार? पुणे-साताऱ्याकडच्या गावांचा उल्लेख पेशवे दप्तरात सापडतो, राजवाड्यांनी गावोगाव हिंडून मिळविलेल्या कागदांच्या खंडांत सापडतो, इंग्रजी अमलातील गॅझेटियरांत पानेच्या पाने सापडतात. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभार उर्दूत, त्याआधीचे दप्तर फारसीत. मराठी छापखाने थोडे आणि वाचनालयांच्या चळवळीवर सरकारचा डोळा. बी. रघुनाथांसारखा कवी-कादंबरीकार परभणीत सरकारी कचेरीत कारकुनी करीत लिहीत राहिला आणि वयाच्या चाळिशीत, १९५३ मध्ये, गेला. येथील समाजजीवन जाणून घेण्यासाठी अभ्यासकाला पुष्कळदा त्याच्या कादंबऱ्यांकडे वळावे लागते. परंतु कादंबरी हा कोशाचा पुरावा होऊ शकत नाही. तात्पर्य, ज्या प्रदेशावर इतिहासाने छापील कागदाची उपासमार लादली त्याच्याकडेच आज छापील कागद मागितला जातो. यात विषमता आहे, हे मान्य केले पाहिजे.

ही तक्रार केवळ मराठवाड्याची नाही. २०११ मध्ये अचल प्रभला यांनी भारतात व दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग केला. ज्या विषयांवर छापील काही नाही अशा खेळांच्या, खाद्यपेयांच्या व विधींच्या जाणकारांची तोंडी साक्ष ध्वनिमुद्रित करावी आणि तिलाच कोशात संदर्भ म्हणून मान्यता द्यावी, अशी त्यांची सूचना होती. परभणीच्या वाचकाला ती एकदम पटेल. हुरड्याला गुळभेंडी चांगली आणि कडब्याला अमुक ज्वारी चांगली, हे ज्ञान ज्या म्हातारीपाशी आहे तिने पुस्तक लिहिलेले नाही, म्हणून ते ज्ञान नव्हे काय? प्रश्न बिनतोड आहे. तरीही विकिपीडियाने आपला नियम सैल केला नाही, आणि ते योग्यच केले, असे म्हणावे लागते. तोंडी साक्ष सरसकट मान्य केली की पाथरीच्या चौकात उद्या पन्नास साक्षी उभ्या राहतील आणि शिर्डीच्या चौकात एक्कावन्न. म्हातारीचे ज्ञान नोंदवायचे तर ते आधी कोणा जाणत्याने विचारून, ताडून, नाव-गाव-तारखेसह प्रसिद्ध केले पाहिजे. मगच ते कोशात यावे. कोशाची पायरी शेवटची. तिच्या आधीच्या पायऱ्या आपल्याकडे बांधल्याच गेल्या नाहीत, हे खरे दुखणे आहे, आणि पायरी नाही म्हणून भिंतीवरून उडी मारण्याने ते बरे होणार नाही.

या नियमाचे महत्त्व २०२५ च्या फेब्रुवारीत निराळ्या रीतीने दिसून आले. छत्रपती संभाजी महाराजांवरील एक चित्रपट त्या महिन्यात प्रदर्शित झाला. पाठोपाठ लोकांनी इंग्रजी विकिपीडियातील त्यांच्यावरील लेख वाचला आणि त्यातील काही मजकुराने संताप उसळला. राज्याच्या सायबर पोलिसांनी मजकूर काढण्याची नोटीस दिली आणि काही संपादकांविरुद्ध गुन्हाही नोंदविला. संताप समजण्यासारखा होता. संभाजी महाराजांच्या चारित्र्यावर जुन्या बखरींनी आणि त्यांवर विसंबलेल्या लेखकांनी केलेले आरोप वा. सी. बेंद्रे यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात आणि कमल गोखले यांनी त्यानंतरच्या आपल्या ग्रंथात पुराव्यांनिशी तपासले आहेत. कोशातील नोंदीत वजन कोणाला किती द्यावे, हा वाद बेंद्र्यांची पृष्ठे पुढे ठेवून, त्या लेखाच्या चर्चापानावर करता आला असता. तो काही जणांनी केलाही असेल. परंतु बेंद्रे-गोखले मराठीत आहेत आणि इंग्रजी लेखाचे संपादक बहुधा मराठी वाचत नाहीत. तेथे मराठी वाचणाऱ्या आणि इंग्रजी लिहिणाऱ्या शे-दोनशे प्राध्यापकांची गरज होती. पोलीस ठाण्यात नोंदविलेल्या गुन्ह्याने बेंद्र्यांचे एकही पृष्ठ त्या लेखात जात नाही. उलट, ज्याला मानधन नाही, नाव नाही, मान नाही असा स्वयंसेवक फौजदारी चौकशीच्या धास्तीने उद्या भारतीय इतिहासाला हातच लावणार नाही, आणि मग तो इतिहास लिहिण्याचे काम ज्यांना भारताशी काही देणेघेणे नाही त्यांच्याकडे जाईल. लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारी जी नवी यंत्रे आली आहेत, त्यांच्या शिक्षणातही या कोशाचा मजकूर वापरला जातो. तेथे जे चुकीचे राहील ते हजार तोंडांनी बोलले जाईल. तेथे जे नाहीच, ते नव्हतेच असे ठरेल.

मग परभणीसारख्या जिल्ह्यात काय करता येईल? विद्यार्थ्यांना सक्तीने बसवून लेख लिहून घेणे, हा पहिला मोह असतो आणि तो टाळावा. २०११ मध्ये विकिमीडिया प्रतिष्ठानने पुण्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून इंग्रजी लेख लिहून घेण्याचा प्रयोग केला. विद्यार्थ्यांनी इकडून तिकडून उतारे उचलून लेख भरले, ते निपटताना जुने संपादक थकून गेले आणि त्याच वर्षी प्रयोग गुंडाळावा लागला. गुणांसाठी लिहिलेला लेख आणि आवडीने लिहिलेला लेख यांतील फरक शिक्षकाला सांगण्याची आवश्यकता नाही. मराठी भाषा दिनाला भरविलेल्या एकदिवसीय कार्यशाळेचे फळही बहुतेक वेळा छायाचित्रापुरतेच असते.

त्याहून लहान, पण टिकाऊ कामे आहेत. विकिस्रोत या भावंड प्रकल्पात जुन्या, स्वामित्वहक्कमुक्त पुस्तकांची पाने चित्ररूपाने ठेवलेली असतात; समोर यंत्राने वाचलेला चुकांनी भरलेला मजकूर असतो आणि तो मूळ पानाशी ताडून शुद्ध करावयाचा असतो. पान एकाने तपासले की पिवळे होते, दुसऱ्या व्यक्तीने पडताळले की हिरवे. एकाच माणसाला दोन्ही करता येत नाही. कचेरीत नक्कल-रुजवातीचे काम केलेल्या माणसाला ही शिस्त परकी वाटणार नाही. उलट, त्यात त्याचा हात प्राध्यापकापेक्षा सफाईने चालेल. चारठाण्याच्या देवळांची, शिल्पांची आणि शिलाखंडांची नीट छायाचित्रे काढून ती मुक्त परवान्याखाली ठेवणे, हे काम कॅमेऱ्याचा मोबाईल असलेल्या विद्यार्थ्याचे आहे. पक्ष्यांच्या बाबतीत मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ मराठी नावांसाठी हाताशी आहे; स्थानिक नाव कोशातल्या नावाहून वेगळे असले तर ते कोठे, कोणाकडून ऐकले हे टिपून एखाद्या नियतकालिकात छापावे.

छापण्याची सोय अजिबात नाही असेही नाही. मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ आहे, मराठवाडा इतिहास परिषद आहे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ परभणीसाठी आहे आणि विद्यापीठांतील प्रबंध आता ‘शोधगंगा’ या भांडारात कोणालाही वाचता येतात. स्थानिक इतिहासावर, बोलींवर, देवस्थानांवर मराठीत लिहिलेले कित्येक प्रबंध पदवी मिळाल्यावर कपाटात गेले. त्यांतील भरड-बारीक निवडावे लागेल, हे उघड आहे; परंतु ‘संदर्भ हवा’ म्हणणाऱ्यापुढे ठेवण्यासारखे काही तरी त्यांत निश्चित मिळेल. कृषी विद्यापीठ दरवर्षी दैनंदिनी काढते, वाणांची शिफारस करते. खरीप मेळाव्यात ती दैनंदिनी विकत घेणारा शेतकरी ‘परभणी मोती’ ओळखतो, पण त्या ज्वारीची माहिती कोशात शोधणारा लातूरचा किंवा लंडनचा विद्यार्थी ती दैनंदिनी कोठून आणणार? तिच्यातील चार वाक्ये संदर्भासह कोशात नेऊन ठेवायला अर्धा तास पुरतो.

आणि एक पुस्तक तर सर्वांच्या नजरेसमोर आहे. परभणी जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर शासनाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. त्या काळात गॅझेटियर विभागाची धुरा सेतुमाधवराव पगडी यांच्याकडे होती. सरकारी नोकरीत राहून फारसी, उर्दू, तेलुगू, कन्नड आणि गोंडी आत्मसात करणारा हा मराठवाड्याचाच माणूस. जिल्ह्याची गावे, सण, शेती, नद्या आणि राजवटी त्या ग्रंथात एकत्र आल्या आहेत. त्यातील तथ्ये आजही कोणी आपल्या शब्दांत कोशात आणू शकतो, कारण स्वामित्वहक्क शब्दांवर असतो, माहितीवर नसतो. भारतीय कायद्याप्रमाणे शासकीय प्रकाशनाचा हक्क प्रकाशनाच्या वर्षानंतर साठ वर्षे राहतो. तो हिशेब धरला तर १ जानेवारी २०२८ पासून हे गॅझेटियर शब्दशः सर्वांचे होईल : त्याचे पान न् पान विकिस्रोतावर ठेवता येईल आणि त्याचे मराठी भाषांतर कोणाचीही परवानगी न मागता करता येईल. तोवर परभणी, पाथरी, जिंतूर, गंगाखेडच्या वाचनालयांत त्याच्या किती प्रती शिल्लक आहेत आणि त्यांतील किती प्रतींचे नकाशे अजून जागेवर आहेत, हे कोणी तरी जाऊन पाहून ठेवावे.